सातव्या दाराशी अकरा मिनिटं

गोष्ट सांगायची एवढी हौस असेल तर पुस्तक लिहावं, लोकांच्या हातात कंट्रोलर देऊन त्यांना ताटकळत ठेवू नये. हे माझं वाक्य आहे. बावीस वर्षं मी ते मीटिंगमध्ये, कॉफीच्या सुट्टीत, दुसऱ्यांच्या लग्नात आणि माझ्या बायकोला तर रोज ऐकवलं. बायको गोष्टी लिहायची. त्याच ऑफिसात, माझ्या पाठीला पाठ लावून, मी बनवायचो त्याच गेमसाठी. त्यामुळे भांडायला आम्हाला घरी जायची गरज पडायची नाही.

शॉव्दे गावात जुन्या डेअरीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ माणसं बसतो. दाराशी बूट काढायचे, आत लोकरीच्या मोज्यांवर फिरायचं, आणि दिवसभर एकच गेम उघडायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. आमच्या धंद्यात हे कोणाला सांगून पटत नाही. स्वतःचा खेळ माणूस खेळत नाही, तुडवतो. कुठलं बटण कधी दाबायचं हे डोक्याला ठाऊक नसलं तरी चालतं, अंगठ्याला ठाऊक असतं.

गेम साधा आहे. एक होडी, एक कालवा आणि चढावर बारा दारं. दोन दारांमधल्या हौदात होडी शिरते, मागचं दार लागतं, हौदात पाणी भरतं, होडी वर येते, पुढचं दार उघडतं. कुठली झडप किती उघडायची, मागून येणाऱ्या होड्या कुठे थोपवायच्या, यात सगळी मजा. कल्पना माझी, पण कालवा इल्वाचा. इल्वा म्हणजे माझी बायको. तिचे वडील खऱ्या कालव्यावर दारं उघडायच्या कामाला होते आणि तिचं अख्खं बालपण त्या दाराशेजारच्या बाकावर गेलं होतं.

"हॉकन, पाणी भरायला वेळ लागतो," ती म्हणायची. "त्या वेळात होडीतली माणसं बाबांशी बोलायची. कालवा म्हणजे तेवढंच असतं रे. बाकी नुसतं पाणी."

"माझ्या कालव्यात पाणी आठ सेकंदांत भरेल."

"मग तो कालवा नाही, नळ आहे."

तीन आठवडे आम्ही यावर भांडलो. शेवटी तह झाला. अकरा दारांवर माझे आठ सेकंद. फक्त सातव्या दाराशी बाकावर एक बाई बसलेली असेल, आणि तिथे पाणी हळूहळू भरेल, ती बोलेल तोवर. मात्र कोपऱ्यात 'वगळा' असं बटण राहील, ही माझी अट. आणखी एक नियम मी घातला: एकदा वगळलेली गोष्ट गेमने पुन्हा कधीच समोर आणायची नाही. माणूस एकदा नको म्हणाला की त्याला परत विचारू नये. या नियमाचा मला भारी अभिमान होता.

इल्वा म्हणाली, "हा नियम खेळणाऱ्यांसाठी केलास की स्वतःसाठी?"

त्या बाईचं बोलणं तिने लिहूनसुद्धा काढलं नाही. बाकी सगळ्या दारांचे कागद नीट होते, सातव्यापाशी एवढंच लिहिलेलं: 'इथे मी बोलते.' पुढे एखादी नटी घेऊ, तोवर तात्पुरता आवाज म्हणून तिने स्वतःच रेकॉर्डिंग केलं. आमच्या घरी, कपड्यांच्या कपाटात, हिवाळी कोटांच्या मधे स्टुलावर बसून. कोटांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. कपाटाच्या दाराची कडी सैल होती, ती जरा हलली की खुळखुळायची. "कडी दुरुस्त कर," असं तिने मला कितीदा सांगितलं असेल, आणि मी कितीदा "उद्या" म्हटलं असेल, ते मोजण्यात अर्थ नाही.

मग आम्ही गेम शंभर लोकांना खेळायला दिला. एक्याण्णव जणांनी दहा सेकंदांच्या आत 'वगळा' दाबलं. मी तो आकडा मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावला. हो, लावला. तेव्हा मी असाच होतो.

इल्वाने कॉफीचा कप हातात धरून तो कागद वाचला. "म्हणजे नऊ जणांनी ऐकलं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मी त्या नऊ जणांत नव्हतो. गेम तपासताना, दर वेळी नवा खेळाडू म्हणून सुरुवात करून, मी सातव्या दाराशी हजार वेळा तरी पोचलो असेन आणि हजारही वेळा माझा अंगठा त्या बटणावर गेला. तिचा आवाज मला रोज घरी मिळत होता.

उन्हाळ्यात ती आजारी पडली. ऑक्टोबरात गेली. त्याच्या आठ दिवस आधी दवाखान्यात तिने मला विचारलं, "सातव्या दारावरचं ऐकलंस का?"

"ऐकलं ना."

"कसं वाटलं?"

"लांबलंय."

ती इतकी हसली की नर्स आत डोकावून गेली. मग तिने विचारलं, "आणि शेवट?"

"शेवट बरा आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग "बरं" म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून पडली. मी खोटं बोललो हे तिला कळलं होतं. ते मला त्याच क्षणी कळलं, आणि तरी मी तिथे बसून मोबाइलवर ऑफिसचे निरोप वाचत राहिलो.

जानेवारीत गेम वितरकाकडे पाठवायची तारीख ठरली. सगळे तात्पुरते आवाज काढून टाकायचा आमचा रिवाज आहे. इल्वाचं ते रेकॉर्डिंग काढायला कोणी धजावेना, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि ते बघणं मला सोसेना. मी स्वतः बसलो आणि बाई, बाक, आवाज, बटण, सगळं पुसून टाकलं. साठवणीतूनसुद्धा, मुळासकट. सातव्या दाराला आठ सेकंद लावले. तिचा लॅपटॉप तर मी नोव्हेंबरातच कोरा करून ऑफिसला परत दिला होता. लोक म्हणाले, हॉकन किती खंबीर आहे. खंबीर कसला. ती काय म्हणाली आहे हे ऐकण्याची भीती वाटत होती, म्हणून ऐकण्याची सोयच मी मोडून टाकली. पुसून झाल्यावर मात्र दुसऱ्याच दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. तिने शेवटी काय म्हटलं असेल? नऊ अनोळखी माणसांना, ज्यांची नावंही आम्ही टिपून ठेवली नव्हती, ठाऊक आहे आणि मला नाही.

मार्चमध्ये शेवटची चाचणी होती, या खेपेला बाहेरच्या नऊ जणांवर. चाचण्या तूवा घेते. तूवाची जीभ धारदार आहे, पण ऑफिसात इल्वाचं नाव घेताना आवाज खाली न आणणारी ती एकटीच, म्हणून मला ती चालते. पद्धत अशी की बाहेरचा माणूस खोलीत एकटा बसून खेळतो, आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहतो. "आता झडप उघडतो... अरे, हे काय... मूर्खच आहे मी." समोरचा कॅमेरा त्याचा चेहरा टिपतो. नंतर एक नकाशा निघतो: खेळणारे जिथे जास्त रेंगाळले ती जागा लाल दिसते.

गुरुवार होता. मी वाटाण्याचं सूप संपवून पॅनकेकला हात घालत होतो, तेवढ्यात तूवा तो नकाशा घेऊन आली.

"सातव्या दाराशी तू काय करून ठेवलंयस?"

"ठेवलंय कुठे? काढून टाकलंय."

"मग ही नऊच्या नऊ माणसं तिथे माशा मारत बसली होती का?"

अख्खा कालवा फिकट निळा होता. सातव्या दाराशेजारी, जिथे पूर्वी बाक होता, तिथे मसुराएवढा एक ठिपका लालभडक. बाकी कुठेही कोणी मिनिटभर थांबलं नव्हतं.

"अडकला असेल गेम," मी म्हणालो.

"नव्हता अडकला. पाणी आठ सेकंदांत भरलं, दार उघडलं. उघड्या दारासमोर बसून होते. अकरा मिनिटं आणि चार सेकंद."

"सरासरी?"

"सरासरी नाही. प्रत्येक जण."

माझा पॅनकेक तसाच राहिला. जानेवारीत काय काय पुसलं त्याची यादी माझ्या यंत्रावर होती. मी ती उघडली. सातवं दार, तात्पुरता आवाज, लांबी अकरा मिनिटं चार सेकंद. तूवाने ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

आम्ही त्या नऊ जणांच्या चित्रफिती एकाच पडद्यावर नऊ चौकोनांत लावल्या, सातवं दार सगळ्यांना एकाच क्षणी येईल अशा. आधी नऊ जण एकदम बडबडत होते. सातवं दार आलं आणि आवाज थांबला. सगळ्यांचा, एका क्षणी. खोलीतल्या हीटरची सुरसुर आणि बाहेर छपरावरून वितळणाऱ्या बर्फाचं टपटप, एवढंच ऐकू येत होतं. भर दुपारचं लख्ख ऊन होतं.

नऊ जणांनी कंट्रोलर मांडीवर ठेवले. नऊ माना जराशा डावीकडे कलल्या. कुणी काही सांगत असलं की माणूस कलवतो, तशा. चार मिनिटं दहा सेकंदांनी सगळे हसले. सातव्या मिनिटाला सगळ्यांचं हसू मावळलं आणि एका पोरगेल्या माणसाने ओठ चावला. दहा मिनिटं चाळीस सेकंदांनी नऊही जणांनी सावकाश मान वर केली आणि कॅमेऱ्यात पाहिलं. तूवा माझ्या उजव्या हाताला उभी होती. ते तिच्याकडे बघत नव्हते. मी खुर्ची सरकवली, तरी ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता. कीव होती. मग एकेकाने घसा खाकरला, कंट्रोलर उचलला आणि "हं, आता आठवं दार," असं म्हणून पुन्हा बडबड सुरू केली.

"बंद कर," मी म्हणालो. तूवाने आधीच बंद केलं होतं.

त्या नऊ जणांत एक सिक्स्टन म्हणून आहेत. एकाहत्तर वर्षांचे, आयुष्यभर बस चालवलेली, आमच्याकडे हौसेने येतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतलं.

"सातव्या दाराशी तुम्ही का थांबलात?" मी विचारलं.

"मी? छे. मी कशाला थांबतो. चाळीस वर्षं वेळेवर गाडी काढलेला माणूस मी."

"अकरा मिनिटं थांबला होतात."

"म्हणजे माझी कॉफी त्याचमुळे गार झाली होय!" ते म्हणाले. "मी त्या पोरीला बोललो उगाच, गरम दे म्हणून." "खरं सांगू का, तो भाग मला सगळ्यात आवडला. काय आवडलं ते विचारू नकोस. शेजारी कोणीतरी होतं असं काहीतरी."

"काही ऐकू आलं? बाईचा आवाज?"

"नाही बुवा." ते दाराशी वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. बांधता बांधता, मान वर न करता, म्हणाले, "पण ती कपाटाची कडी एकदा दुरुस्त करून घे रे. मधे मधे वाजते."

"कुठल्या कपाटाची?"

सिक्स्टनने वर पाहिलं. "काय कुठल्या कपाटाची?"

"आत्ता तुम्ही म्हणालात."

"मी नाड्या बांधतोय," ते म्हणाले, आणि माझा चेहरा बघून उठले. "बरं आहे ना तुला? बस जरा."

ते गेल्यावर मी मोज्यांवर तसाच दाराशी उभा राहिलो. आवाज मी पुसला होता. पण तो कुठेतरी होता आणि परक्या माणसांना ऐकू येत होता. मला तो हवा होता. इतकी कुठलीच गोष्ट मला आयुष्यात हवीशी वाटली नव्हती. शेवट काय आहे तेवढं कळू दे, मग मी खोटं बोललो त्याची माफी तरी मागता येईल.

"मी खेळतो," मी तूवाला म्हणालो. "खोलीत. कॅमेरा लावून, परक्या माणसासारखा."

"तू आणि परका? तू डोळे मिटून खेळतोस हा गेम."

"मग उघडे ठेवीन."

"हॉकन," ती म्हणाली, "तिथे काही नसलं तर?"

"मग नसेल."

सोमवारी सकाळी दहाला मी बसलो. तूवा काचेपलीकडे. कॉफी समोर ठेवली, गार झाली तर कळावं म्हणून. मोठ्याने बोलत खेळायला लागलो: आता झडप, आता डावी होडी, आता तिसरं दार. सहाव्या दारानंतर मी देवाला मानत नसताना त्याचं नाव घेतलं. सातवं दार आलं. होडी हौदात शिरली. मागचं दार लागलं, पाणी भरलं, पुढचं दार उघडलं. काठावर काही नव्हतं, नुसतं गवत. मी थांबलो. थांबून थांबून कंटाळलो आणि पुढे निघालो. बाराव्या दारापर्यंत गेलो, उठलो. कॉफी गरम होती.

"काही नाही," मी बाहेर येऊन म्हणालो. "गवत आहे."

तूवा काचेजवळून हलली नव्हती. "तू बघ," ती म्हणाली. "मला नाही सांगता यायचं."

तिने चित्रफीत लावली. पडद्यावर मी बडबडत होतो. सातवं दार आलं आणि मी गप्प झालो. मला हे गप्प होणं आठवत नव्हतं. माझी मान डावीकडे कलली. माझा चेहरा, गेल्या ऑक्टोबरपासून मी आरशात टाळलेला चेहरा, हळूहळू सैल झाला. भुवया वर गेल्या. ओळखीचं माणूस अचानक स्टेशनावर भेटावं तसं हसू ओठाच्या कोपऱ्यात यायला लागलं. मी तोंड उघडलं, काहीतरी विचारण्यासाठी.

आणि बाराव्या सेकंदाला माझा उजवा अंगठा हलला.

मी समोर पडद्यावर बघत होतो. तिथल्या त्या माणसाला, म्हणजे मला, कळलंसुद्धा नाही. त्याचे डोळे डावीकडे लागलेले, तोंड अर्धवट उघडं, आणि अंगठा आपला सवयीने सरकला आणि जिथे पूर्वी 'वगळा' होतं तिथे दाबून परत आला. बाकीच्या नऊ जणांना दाबायला तिथे बटणच नव्हतं. मलाही नव्हतं. पण पडद्यावरचा माझा चेहरा दिवा मालवावा तसा विझला. मी डोळे मिचकावले, आणि म्हणालो, "काठावर काही नाही. गवत आहे."

तूवाने माझ्या दंडाला धरलं. मी तिला चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. बारा सेकंद. पुन्हा. बारा सेकंद.

त्या दिवशी मी आणखी अकरा वेळा खेळलो. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली. एकदा कंट्रोलर तूवाच्या हातात देऊन मी नुसता शेजारी बसलो. नंतर चित्रफिती पाहिल्या. माझा चेहरा कुठेही बदलला नव्हता, तिचाही नाही. बुधवारी नवे सात जण आले. सातही जण बडबडत सातव्या दारातून आठ सेकंदांत पार झाले. नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट निळा. सिक्स्टनना पुन्हा बोलावलं. तेही सरळ निघून गेले. बाहेर येऊन म्हणाले, "चांगला आहे गेम. पण मागच्या वेळी जास्त आवडला होता का रे मला?"

एकदा वगळलं की पुन्हा समोर आणायचं नाही. नियम मी ज्याने वगळलं त्या खेळाडूपुरता लिहिला होता. सगळ्यांना तो कोणी लावला, मला माहीत नाही. नियम करणाऱ्यानेच वगळलं, मग आणखी कोणासाठी थांबायचं, असं इल्वाला वाटलं असेल.

वितरकाला गेम द्यायच्या आदल्या दिवशी मी एक बदल केला. सातव्या दाराचं पाणी आता अकरा मिनिटं आणि चार सेकंदांत भरतं. बटण नाही, वगळता येत नाही. काठावर रिकामा बाक आहे.

"लोक शिव्या घालतील," तूवा म्हणाली. "निम्मे तिथूनच परत जातील. बावीस वर्षं तूच सांगत होतास."

"जाऊ देत."

"आणि बाकावर कोणी बसणार नाही?"

"नाही."

तिने कॉफीचा दुसरा कप माझ्यासमोर ठेवला आणि ती गेली.

आता मी रोज सकाळी ऑफिसात आलो की आधी चाचणीच्या खोलीत बसून सातव्या दाराशी जातो. होडी हौदात घालतो, मागचं दार लागतं. मग कंट्रोलर टेबलावर लांब सरकवून ठेवतो आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. चार मिनिटं दहा सेकंदांनी, इथे हसायचं होतं, एवढं मला ठाऊक आहे. सातव्या मिनिटाला काहीतरी वाईट घडतं. दहा मिनिटं चाळीस सेकंदांनी ती माझ्याबद्दल काहीतरी म्हणते, आणि मी मान वर करून बघतो. कॅमेऱ्याच्या काचेत माझाच चेहरा दिसतो. मग पाणी काठाला लागतं आणि दार उघडतं.